एनबीएची व्हिजिट तोंडावर आलीय: मेकॅनिकलवाल्यांनी नेमकं काय तयार ठेवायचं? (सांगली)

हळदीगाव

नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवतो. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न, म्हणजे टियर टू. विभागाचा एनबीए (एकेका प्रोग्रामला दर्जाची मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) को-ऑर्डिनेटर मी. कसा झालो ते विचारू नका, ज्या मीटिंगला आपण रजेवर असतो त्याच मीटिंगमध्ये ही कामं वाटली जातात.

आमचा सार (एसएआर, म्हणजे विभागाने स्वतःच केलेल्या मूल्यमापनाचा अहवाल) जुन्या, २०१५ च्या नमुन्यात आहे. दहा क्रायटेरिया, हजार मार्क. प्री-क्वालिफायर (प्राथमिक चाळणी) पार पडलं, आता टीमची तारीख आलीय, शुक्रवार ते रविवार. तेव्हापासून कॉलेजचं लग्नघर झालंय. पोर्चला रंग, जिन्यात व्हिजन-मिशनचे फ्लेक्स, प्रत्येक लॅबच्या दारावर नवी पाटी. स्टाफरूममध्ये बॉक्स फाईलींच्या थप्प्या. लेक्चर संपली की रात्री आठ-नऊपर्यंत सगळे प्रिंटरभोवती.

मला प्रश्न असा की हे एक्स्पर्ट प्रत्यक्षात उघडून काय बघतात? दुसरं म्हणजे आमचं पीओ अटेनमेंट (पदवीतून अपेक्षित क्षमता मुलांनी किती गाठल्या त्याचा हिशेब) काही ठिकाणी फार कमी आलंय. पीओ ७ (पर्यावरण) आणि पीओ ११ (प्रोजेक्ट मॅनेजमेंट) यांचे आकडे लाज वाटण्याजोगे. विभागात एक मत असं आहे की एक्सेलमध्ये थोडे 'नीट' करून घ्यावेत. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे ठोस मुद्दाही नाही. ज्यांनी व्हिजिट दिली आहे त्यांनी कृपया लिहा.

इर्विनकाठ

सर, रंगाचं मॅनेजमेंटवर सोडा, ते तुमच्याने थांबायचं नाही. मी विभागप्रमुख म्हणून व्हिजिट दिल्यात आणि निवृत्त होण्याआधी काही वर्षं टीममधूनही गेलोय. दोन्ही बाजूंचं सांगतो.

प्रत्येक प्रोग्रामला दोन एक्स्पर्ट, आणि सगळ्यांवर एक चेअरमन. बहुतेक बाहेरच्या राज्यातले प्राध्यापक असतात. सार त्यांनी घरूनच वाचून, समासात खुणा करून आणलेला असतो. तुमच्या दोन कपाटांतल्या सगळ्या फाईली बघायला त्यांना वेळच नसतो. ते एक धागा पकडतात आणि ओढत जातात. उदाहरण देतो. "थर्ड इयर हीट ट्रान्सफरची कोर्स फाईल आणा." त्यातला एकच सीओ (त्या विषयातून मुलांना काय यायला हवं ते एक उद्दिष्ट) धरतात, समजा हीट एक्स्चेंजरचा. हा सीओ कुठल्या प्रश्नावर तपासला? तो युनिट टेस्टचा पेपर दाखवा. त्याच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका दाखवा, एक चांगली, एक मधली, एक काठावरची. या प्रश्नाचे मार्क तुमच्या शीटमध्ये कुठे पडले? अटेनमेंट किती आलं? टार्गेट किती होतं? कमी आलं ना, मग पुढच्या वर्षी काय केलंत? केलंत म्हणता, तर कुठे दिसतं?

एवढी साखळी सलग लागली तर माणूस फाईल मिटतो आणि चहा मागतो. मध्ये एक कडी निघाली की मग मात्र तो आणखी चार फाईली मागवतो.

आता तुमच्या आकड्यांबद्दल. कमी आकडा हा दोष नाही. क्रायटेरियन ७, म्हणजे सतत सुधारणा, त्याचे ५० मार्क आहेत, त्यातले सगळ्यात जास्त कशाचे? कमी कुठे पडलो आणि त्यावर काय केलं याचे. सगळीकडे तीनपैकी २.८ आणि २.९ दाखवलंत तर सुधारणेच्या रकान्यात लिहिणार काय? आमच्या वेळी याच हीट एक्स्चेंजरच्या सीओत मुलं सलग दोन वर्षं मागे होती. एका तरुण सरांनी गळीत हंगामात मुलांना साखर कारखान्यात ज्यूस हीटरसमोर नेऊन उभं केलं. नळ्यांत साका धरला की उष्णता कशी अडते, रस ठरल्या तापमानाला का पोचत नाही, तिथल्या केमिस्टनी दाखवलं. परत आल्यावर त्याच आकड्यांवर गणित घातलं. पुढच्या टेस्टला फरक दिसला. भेटीचं पत्र, मुलांची यादी, ते गणित आणि दोन्ही वर्षांच्या टेस्टचे मार्क, एवढीच पाच-सहा पानं होती. एक्स्पर्टनी ती उलटसुलट करून बघितली आणि पुढचा विषय काढला.

अजिंक्यतारा

मी साताऱ्याची, कॉम्प्युटर विभाग. इर्विनकाठ सरांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देते, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ इथेच झाला होता.

बहुतेक टियर टू कॉलेजं असं धरतात: ठरवलेल्या मार्कांच्या वर ६० टक्के मुलं गेली तर लेव्हल १, ७० टक्के गेली तर २, ८० टक्के गेली तर ३. विद्यापीठ परीक्षेला ८० टक्के वजन, अंतर्गतला २० टक्के. म्हणजे विद्यापीठ परीक्षेत लेव्हल १ आणि तुमच्या युनिट टेस्टमध्ये लेव्हल २ आली, तर ०.८ अधिक ०.४, डायरेक्ट अटेनमेंट १.२. तुमच्या टेस्टमध्ये मुलांना पैकीच्या पैकी दिलेत तरी विद्यापीठाचा निकाल हातात नाही, तो आकडा १.४ च्या वर जाणारच नाही. आणि निकाल ४० टक्के असताना अटेनमेंट २.७ दिसलं की एक्स्पर्ट कॅल्क्युलेटर न काढता हसतो. क्रायटेरियन ४ मध्ये निकाल दिलेलाच असतो, दोन्ही पानं शेजारी ठेवली की झालं.

मॅपिंगही बघा. प्रत्येक सीओ बारा पीओंना जोडलेला आणि सगळीकडे ३, असा तक्ता आमच्या एका सरांनी केला होता. थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या युनिटमधून प्रोजेक्ट फायनान्स कसा शिकवता, असं कोणी विचारलं तर? रिकामे डॅश असू द्यात. पीओ ११ मुळात प्रोजेक्ट, इंडस्ट्रियल मॅनेजमेंट असल्या दोन-चार विषयांतूनच येणार. तो चाळीस विषयांतून येतो असं दाखवायचं कारण नाही.

जाता जाता: जे आता नवीन अर्ज करतायत त्यांनी हा नमुना वापरू नये. नव्या सारमध्ये नऊ क्रायटेरिया आहेत आणि पीओ बाराऐवजी अकरा.

नवखा_लेक्चरर

मूर्ख प्रश्न असेल, पण आमच्या कॉलेजला नॅक झालंय, ग्रेड चांगली आहे. मग परत एनबीए कशाला? आणि टियर वन, टियर टू हे काय?

इर्विनकाठ

मूर्ख नाही, पालकही हेच विचारतात. नॅक अख्ख्या संस्थेचं बघते, एनबीए एकेका प्रोग्रामचं. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला एनबीए आहे आणि सिव्हिलला नाही, असं सर्रास असतं. दोन्हींची सुरुवात १९९४ ची. एनबीए आधी एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) छत्राखाली होती, २०१० मध्ये स्वायत्त झाली. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा (इंजिनिअरिंगच्या पदव्या देशोदेशी एकमेकांना मान्य करण्याच्या कराराचा) कायम सदस्य झाला, तेव्हापासून हे सीओ-पीओ प्रकरण गंभीरपणे सुरू झालं. स्वायत्त संस्था आणि विद्यापीठाचे विभाग टियर वनमध्ये, आपल्याकडचं वालचंद किंवा कऱ्हाडचं गव्हर्नमेंट कॉलेज घ्या. बाकी संलग्न कॉलेजं टियर टू. कराराखालची परदेशातली मान्यता टियर वनच्याच प्रोग्रामना मिळते, हे ॲडमिशनच्या जाहिराती वाचताना लक्षात ठेवा.

चहाबाज

सगळे फार सोवळ्यात बोलताय. खरं सांगू? सगळीकडे कागदच रंगवतात. डॅबच्या (विभागाच्या सल्लागार मंडळाच्या) मीटिंगा झालेल्याच नसतात, मिनिट्स, म्हणजे इतिवृत्तं, मात्र वर्षाला दोन हजर. एक्स्पर्टलाही माहीत असतं, त्याच्या कॉलेजातही तेच चालतं. हळदीगाव सर, तुम्ही उगाच प्रामाणिकपणाच्या नादी लागून सहा वर्षांची मान्यता तीन वर्षांवर आणाल. रजिस्टर बाहेर काढा, वेगवेगळ्या रंगाची चार पेनं घ्या आणि बसा.

इर्विनकाठ

चहाबाज, एक किस्सा ऐका. एका कॉलेजात मला मॉक व्हिजिटला (रंगीत तालमीला) बोलावलं होतं, नाव सांगणार नाही. सल्लागार मंडळाच्या मीटिंगांची फाईल समोर आली. सुबक, स्पायरल बायंडिंग. एका मीटिंगची तारीख ९ ऑगस्ट २०१९, ठिकाण कॉलेजचा सेमिनार हॉल, हजर सभासदांत सांगली शहरातले दोघे उद्योजक आणि पलूसचे एक. मी विचारलं, हे कसे आले हो? होडीतून? त्या आठवड्यात सांगलीत महापुराने काय चाललं होतं ते कुणाला सांगायला नको. खोलीत कुणी बोलेना. बरं, चहापानाचं व्हाउचरही जोडलेलं होतं, सामोसे अमुक इतके.

बाहेरच्या राज्यातल्या माणसाला ती तारीख खटकली नसती, हे मान्य. पण त्याने त्या यादीतल्याच एका उद्योजकाला एम्प्लॉयर मीटमध्ये "सर, मागच्या मीटिंगमध्ये तुम्ही काय सुचवलं होतं?" एवढंच विचारलं असतं तरी सगळं कोसळलं असतं. आणि ते विचारतातच.

सहा आणि तीन वर्षांचं म्हणाल तर ते डॅबच्या मिनिट्सवर ठरत नाही. विभागाला जितके प्राध्यापक लागतात त्याच्या निदान ३० टक्के पीएच.डी. हवेत, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण २० च्या आत हवं, वरच्या हुद्द्यांवरची माणसं हवीत. ही माणसं चार पेनांनी तयार होत नाहीत.

अजिंक्यतारा

त्या मुद्द्यावर हळदीगाव सरांनी आजच हिशेब करून ठेवावा. समजा दुसऱ्या ते चौथ्या वर्षाची मिळून १८० मुलं. वीसाला एक धरला तर लागणारे प्राध्यापक ९. तुमच्याकडे ३ पीएच.डी. आणि ६ एम.टेक. असतील तर १० गुणिले ३, अधिक ४ गुणिले ६, म्हणजे ५४. त्याला ९ ने भागलं की ६, आणि अडीचने गुणलं की १५. शिक्षकांच्या पात्रतेला २५ पैकी १५. हे मार्क आधीच ठरलेले आहेत, व्हिजिटच्या महिन्यात एकानेही वाढायचे नाहीत. क्रायटेरियन ५ ला २०० मार्क आहेत, त्यातला मोठा वाटा असाच गोठलेला असतो. म्हणून जिथे अजून काही हातात आहे तिथे रात्री जागवा. आणि प्रत्येकाचं नेमणूकपत्र, विद्यापीठाची मान्यता, पगाराचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ एका फोल्डरात ठेवा. याची मागणी पहिल्याच दिवशी होते, आणि तेव्हा ऑफिसमधल्या भाऊसाहेबांची किल्ली सापडत नाही.

वर्कशॉप_मामा

सर लोकांच्या बोलण्यात तोंड घालतोय, रागावू नका. मी लॅब असिस्टंट, मिरजेकडचा. टीम आली की आमच्याकडं बी येती. मागल्या टायमाला सायेब वर्कशॉपात शिरले आन् मशिन सोडून आधी भिंतीकडं बघाय लागले. फायर सिलिंडर. त्येच्यावरची रिफिलची तारीख. मग फर्स्ट एडची पेटी उघडाय लावली. आत टिंचर वाळून बुडाला चिकटलेलं आन् कापसात झुरळ. एचओडी सरांचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग लेथवर. जॉब धरायच्या चकला चावी तशीच लावलेली होती. सायबानं ती काडली, माझ्या हातात दिली, बोलले काय न्हाईत. यूटीएमवर (धातू ताणून बघायचं मशिन) कॅलिब्रेशनचा स्टिकर हाय का, सर्टिफिकेट कुठं हाय, कोण येऊन करून गेलं, ह्ये मलाच विचारलं. सरांना न्हाई. मी सांगितलं, त्यांनी लिवून घेतलं.

आन् एक. पुराच्या वर्साला आमच्या वर्कशॉपात कमरंएवढं पाणी होतं. डेड स्टॉक रजिस्टर भिजलं. आम्ही त्ये उनात वाळवून ठिवलंय, शाई फुटलीया, पण पंचनाम्याच्या कागदासकट हाय. एका सरांनी म्हनलं, नवीन लिवून जुनं टाकून द्या, दिसाय बरं न्हाई. मी न्हाई टाकलं. टीमनं इचारलं ह्या दोन मोटरी यादीत हायत आन् जाग्यावर का न्हाईत, तवा त्येच दाखवलं. तुमच्याकडं बी असलं काय आसंल तर ठिवा.

हळदीगाव

मामा, माफी कसली मागता. तुमची पोस्ट वाचून उठलो आणि आमच्या लॅब फिरून आलो. तीन सिलिंडरांची तारीख संपलीय. फ्लेक्सचं बिल मंजूर व्हायला एक दिवस लागला, सिलिंडरच्या रिफिलला कोटेशन मागवायला सांगितलंय.

कुपवाडकर

कुपवाड एमआयडीसीत माझं मशिन शॉप आहे, पंपाचे सुटे भाग करतो. एम्प्लॉयर म्हणून दोन-तीन कॉलेजांनी बोलावलंय, आमची बाजू ऐका.

आदल्या दिवशी संध्याकाळी फोन येतो. "सर उद्या अकराला या, फक्त अर्धा तास." त्या अर्ध्या तासात काय बोलायचं तेही फोनवरच सांगतात: मुलं चांगली आहेत, शिस्तीची आहेत. अहो, मुलं चांगलीच आहेत, पण ड्रॉइंग वाचता येत नाही त्यांना. शाफ्टच्या ड्रॉइंगवर रनआउटची खूण असते, चौकटीत ०.०२ लिहिलेलं असतं. मुलगा फर्स्ट क्लास घेऊन आलेला, तो मला विचारतो हा बाण कशाचा. त्याला व्ही-ब्लॉकवर शाफ्ट ठेवून, डायल लावून फिरवायला शिकवायला माझ्या सुपरवायझरचे दोन महिने जातात.

मी हे एक्स्पर्टसमोर स्पष्ट सांगितलं होतं. प्राचार्य नाराज झाले. एक्स्पर्टनी मात्र मला विचारलं, हे तुम्ही कॉलेजला आधी कधी कळवलं होतं का? मी म्हटलं, दरवर्षी फीडबॅक फॉर्मवर लिहितो. मग त्यांनी फॉर्म मागवले. फॉर्म होते, माझ्या अक्षरातले. त्यावर पुढे काय केलं ते कुणाला सांगता येईना.

तासगावची_सई

मी माजी विद्यार्थिनी, आता पुण्यात डिझाईनला. कुपवाडकर काका म्हणतात ते शंभर टक्के. जीडी अँड टी, म्हणजे ड्रॉइंगवरच्या असल्या खुणांची भाषा, मी नोकरीला लागल्यावर शिकले, तेही शिव्या खाऊन.

ॲल्युम्नाय मीटला गेले होते तेव्हा आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. व्हिजन, मिशन, चार पीईओ, "वाचून यावे". मी चाकणहून रात्रीची एसटी पकडून येतेय आणि पाठांतर करायचंय! एक्स्पर्ट मॅडमनी व्हिजन विचारलंच नाही. विचारलं काय, तर पास होऊन किती वर्षं झाली, पहिला पगार, आता काय काम करतेस, आणि कॉलेजात काय मिळालं नाही म्हणून अडलीस. पीईओ म्हणजे पास झाल्यावर तीन-पाच वर्षांनी मुलं कुठे पोचतात, तेच ना? ते आम्हालाच विचारणार, फ्लेक्सला नाही.

सर, एक विनंती. येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांत सगळे टॉपर बोलावू नका. स्वतःचा धंदा टाकलेला, दोनदा विषय राहून मग पास झालेला, असाही एखादा असू द्या.

हळदीगाव

काका आणि सई, तुमच्या पोस्टी वाचून आमचे फीडबॅक फॉर्म काढून बसलो. चार वर्षांतल्या एम्प्लॉयर फॉर्मवर निदान निम्म्यांनी ड्रॉइंग आणि टॉलरन्सबद्दल लिहिलंय. डॅबच्या मिनिट्समध्येही आहे, आणि ती मीटिंग खरी झालेली, मी स्वतः हजर होतो. "मेट्रोलॉजी लॅबमध्ये जादा सराव घ्यावा" असा ठराव (मेट्रोलॉजी म्हणजे मोजमाप). पुढे काय झालं याची फाईलमध्ये ओळ नाही.

मग मामांची आठवण आली म्हणून आमच्या मेट्रोलॉजी लॅबच्या असिस्टंटना गाठलं. ते म्हणाले, "सर, शनिवारी पोरं येत होती की." आणि त्यांनी खालच्या खणातून लॅबचं लॉगबुक काढलं. आमचे एक तरुण सर होते, आता पीएच.डी.साठी गेलेत. ते थर्ड इयरच्या मुलांना शनिवारी दुपारी बसवायचे. लॉगबुकमध्ये प्रत्येक वेळी कुठला गेज बाहेर काढला आणि परत ठेवला त्याची नोंद: हाइट गेज, व्ही-ब्लॉकची जोडी, डायल इंडिकेटर, सरफेस प्लेट पुसली. शेजारी मुलांच्या सह्या. एका ठिकाणी "डायलची सुई अडकते, दुरुस्तीला दिला" असंही आहे. सेमिस्टरभर चाललेलं काम, आणि सारमध्ये त्याचा उल्लेखच नाही, कारण सर सोडून गेले आणि सार लिहिणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही.

आता प्रश्न असा, की सारमध्ये नसलेली गोष्ट व्हिजिटमध्ये दाखवता येते का?

इर्विनकाठ

दाखवा, पण दाखवताना सांगून दाखवा. सारमध्ये हे राहिलं, मूळ नोंद ही, असं सरळ म्हणायचं. एचओडींच्या प्रेझेंटेशनमध्ये त्याला एक स्लाईड द्या. सारमधल्या आकड्याला हात लावू नका, नाहीतर छापील एक आणि स्क्रीनवर दुसरं असं होईल. आणि ते लॉगबुक आहे तसंच ठेवा, त्याची सुबक प्रत काढू नका. डाग, खाडाखोड, सुई अडकल्याची नोंद, सगळं राहू द्या.

एक काम मात्र करा. त्या बॅचचे मेट्रोलॉजीचे मार्क आणि आधीच्या बॅचचे मार्क शेजारी लावा. फरक पडला असेल तर उत्तम. पडला नसेल तर का नसेल याचं उत्तर तयार ठेवा. हा पीओ १ चाही मुद्दा आहे आणि पीओ १० चाही, डिझाईनचे कागद समजणं त्यातच येतं. शिवाय तुम्ही टियर टू, अभ्यासक्रम विद्यापीठाचा. अभ्यासक्रमात ही उणीव आहे असं अभ्यास मंडळाला पत्र लिहिलं होतं का बघा. लिहिलं असेल तर त्याची पोच शोधा. नसेल तर आता आजच्या तारखेने लिहा. मागच्या तारखेने नको.

चहाबाज

ठीक आहे, लॉगबुकाचं पटलं. पण पाहुणचाराचं काय करताय ते सांगा. आमच्याकडे दरवेळी यावरून भांडण.

अजिंक्यतारा

आमच्या संस्थेचे एक पदाधिकारी हट्टाला पेटले होते, पाहुणे साताऱ्याला आलेत तर रविवारी कास दाखवू, निघताना कंदी पेढे देऊ. प्राचार्यांनी एनबीएच्या सूचनांचा कागद पुढे केला, भेटवस्तू नको, सहल नको. टीमचा प्रवासखर्च, मानधन एनबीए देते. आपण स्वच्छ खोली, वेळेवर गाडी आणि साधं जेवण बघायचं. सांगलीकरांनी भडंगाच्या पाकिटांचाही मोह टाळावा! आमच्या टीममधल्या एकांनी तर स्वागताचा बुकेही परत केला.

खरी तयारी टीमच्या खोलीची. फाईली क्रायटेरियाप्रमाणे लावलेल्या, वर अनुक्रमणिका, प्रिंटर चालू, प्लग पॉइंट भरपूर, आणि दाराबाहेर एक जण असा, की ज्याला कुठली वस्तू कुठल्या मजल्यावर आहे हे ठाऊक आहे. वीज गेली तर जनरेटर कोण लावणार हेही ठरवा. आमच्याकडे डीझेल होतं, किल्ली कँटीनवाल्याकडे.

नवखा_लेक्चरर

मुलांची तयारी कशी करायची? आमची बरीच मुलं जत, आटपाडी, खटावकडची. इंग्रजीत प्रश्न आला की गप्प होतात.

तासगावची_सई

मी त्यातलीच होते. आम्हाला बारा पीओ पाठ करायला लावले होते, मैत्रिणीने सातवा आणि आठवा उलटा सांगितला आणि रडली. मुलांना त्यांच्या प्रोजेक्टबद्दल बोलायची सवय लावा. काय केलं, कशासाठी केलं, कुठे अडलं. हिंदी-इंग्रजी मिसळून बोललं तरी चालतं, एक्स्पर्टही तसंच बोलतात.

कुपवाडकर

आणि मुलांच्या भेटीच्या वेळी प्राध्यापकांनी खिडकीबाहेर घिरट्या घालू नयेत. दिसतात.

हळदीगाव

व्हिजिट झाली. झोप काढून लिहितोय. सगळ्यांचे आभार मानतो आणि कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगतो.

हीट ट्रान्सफरची फाईल आम्ही दहा वेळा तपासली होती. ती उघडलीसुद्धा नाही. त्यांनी काढली डायनॅमिक्स ऑफ मशिनरी, आणि अगदी इर्विनकाठ सरांनी लिहिलंय तसाच एक सीओ धरून खाली उतरत गेले. गायरोस्कोपच्या प्रश्नाची उत्तरपत्रिका मागितली. होती. शीटमधला मार्क जुळला. टार्गेटपेक्षा कमी होतं, काय केलं विचारलं, मॅडमनी ट्युटोरियलच्या वह्या पुढे ठेवल्या. साधारण चाळीस मिनिटं एका विषयावर.

प्रोजेक्टमध्ये बेदाणा ग्रेडिंगचं मशिन उचललं. रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मुलाला विचारलं, ही मोटर कुठून आणली? तो म्हणाला, मिरजेच्या भंगारवाल्याकडून, बिल नाही. मी डोळे मिटले. एक्स्पर्टनी पुढे विचारलं, मग आरपीएम कसं कळलं? मुलाने टॅकोमीटरने मोजल्याचं सांगितलं, वहीत आकडे होते, चाळणीचा वेग कमी करायला पुली का बदलली तेही सांगितलं. घरची द्राक्षबाग असल्याने मणी कुठे फुटतात हे त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत. खर्चाचा हिशेब त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता. एक्स्पर्टनी त्या पानाचा फोटो घेतला आणि म्हणाले, तुमचा पीओ ११ इथे आहे, फाईलमध्ये का नाही?

मेट्रोलॉजीचं लॉगबुक दाखवलं. सारमध्ये नसल्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं. मग ते असिस्टंटना बोलावून वीसेक मिनिटं त्यांच्याशीच बोलले, डायल दुरुस्त कुठे केला इथपर्यंत. कुपवाडकर काकांसारखेच एक उद्योजक एम्प्लॉयर मीटला होते, त्यांनीही ड्रॉइंगचाच विषय काढला. यावेळी आमच्याकडे बोलायला काही तरी होतं.

पालकांच्या भेटीत एका एक्स्पर्टना मराठी येत नव्हतं, जतच्या एका काकांना हिंदी जमेना. दुसऱ्या पालकाने दुभाष्याचं काम केलं. काकांची तक्रार वसतिगृहाच्या पाण्याची होती, ती जशीच्या तशी पोचली.

एक्झिट मीटिंगमध्ये चेअरमननी बलस्थानं आणि उणिवा वाचून दाखवल्या. मार्क सांगत नाहीत, निर्णयही नाही, तो वरच्या समित्या घेतात. उणिवांमध्ये: वरच्या हुद्द्यांवर माणसं कमी, पर्यावरणाच्या पीओला पुरावा तुटपुंजा, माजी विद्यार्थ्यांच्या माहितीचा पाठपुरावा नाही. तिन्ही खऱ्या. व्हिजन-मिशनच्या फ्लेक्सबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

सिलिंडर भरून आले होते मामा. आदल्या दिवशी.

वर्कशॉप_मामा

झालं तर मग. फर्स्ट एड पेटी उघडली का?

हळदीगाव

उघडली. टिंचर नवं होतं. कात्री नव्हती, ती लिहून घेतली.

नवखा_लेक्चरर

सर, आमच्या एम.टेक.लाही अर्ज करायचं चाललंय. त्याला हाच सार चालतो का?

अजिंक्यतारा

नाही, पीजीचा नमुना वेगळा आहे. त्याचा वेगळा धागा काढा, मी आमचा अनुभव तिथे लिहिते. आणि अर्जाआधी विभागात कायम नेमणुकीवर कोण कोण आहे त्याची यादी ऑफिसकडून लेखी घ्या.